सर आशुतोष मुखर्जी आणि कलकत्ता विद्यापीठ

१८५७ साली स्थापन झालेले कलकत्ता विद्यापीठ पहिली पन्नास वर्षे मुख्यतः परीक्षा घेणारी संस्था होती. शिकवावयाचे ते महाविद्यालयांनी. विद्यापीठाने पदव्या द्यावयाच्या. त्याला संशोधनाचे पीठ बनविले ते सर आशुतोष मुखर्जी यांनी.

२९ जून १८६४ रोजी कलकत्त्यात एका डॉक्टरांच्या घरी त्यांचा जन्म झाला. गणित हा त्यांचा पहिला ध्यास. विद्यार्थिदशेतच त्यांचे गणितविषयक लेखन केंब्रिजच्या नियतकालिकात छापले गेले. परंतु गणिताच्या संशोधनावर निर्वाह व्हावा, अशी जागा त्यांना लाभली नाही. ते वकिलीकडे वळले आणि १९०४ मध्ये उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. १९०६ ते १९१४ आणि पुन्हा १९२१ ते १९२३ या काळात कुलगुरुपद सांभाळले, तेही न्यायदानाचे काम करीत असतानाच.

तारकनाथ पालित आणि रासबिहारी घोष या दोन नामवंत कायदेपंडितांनी विद्यापीठाला लक्षावधी रुपये दिले. त्यांनी निर्माण केलेल्या अध्यासनांवर भारतीय विद्वानच नेमावेत, अशी त्यांची अट होती. त्यातून १९१४ मध्ये विज्ञान महाविद्यालयाची पायाभरणी झाली. आशुतोषबाबूंची खरी दौलत मात्र माणसांची पारख हीच. सरकारी हिशेबखात्यात अधिकारी असलेले चंद्रशेखर वेंकट रामन १९१७ साली कमी वेतन पत्करून पालित प्राध्यापक झाले. सत्येंद्रनाथ बोस आणि मेघनाद साहा हे तरुण अध्यापक तेथलेच. आइन्स्टाइनच्या सापेक्षतावरील निबंधांचे त्यांनी केलेले इंग्रजी भाषांतर विद्यापीठाने १९२० मध्ये प्रसिद्ध केले. प्राचीन भारतीय इतिहासाच्या कार्मायकेल अध्यासनासाठी डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांचे चिरंजीव देवदत्त यांना बोलावले गेले, ही मराठी वाचकाला विशेष सुखावणारी गोष्ट. म्हैसूरहून राधाकृष्णन आले. १९१९ पासून बंगालीत एम. ए. करता येऊ लागले. देशी भाषेला असा मान तोवर दुर्मीळच होता.

हा संसार चालविण्यास सरकारी मदत अपुरी पडे. प्रवेशपरीक्षेच्या शुल्कातून उरणारा पैसा पदव्युत्तर विभागांकडे वळविला जाई. परीक्षा सैल झाल्या, उत्तीर्णांची संख्या फुगली, असे टीकाकार म्हणत. ही टीका सर्वस्वी निराधार होती असे म्हणवत नाही. १९२२ मध्ये तिजोरी रिकामी झाली, तेव्हा बंगाल सरकारने अडीच लाख रुपये देऊ केले, पण नियंत्रणाच्या अटींसह. आशुतोषबाबूंनी ते अनुदान नाकारण्याचा आग्रह धरला. पुढच्याच वर्षी गव्हर्नर लॉर्ड लिटन यांनी सशर्त देऊ केलेले कुलगुरुपदही त्यांनी झिडकारले.

न्यायासनावरून निवृत्त होऊन ते पुन्हा वकिली करू लागले होते. एका खटल्यासाठी पाटण्यास गेले असता २५ मे १९२४ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. भवानीपूरच्या घरात त्यांनी जमविलेली सुमारे ८० हजार पुस्तके कुटुंबीयांनी पुढे राष्ट्रीय ग्रंथालयाला दिली. त्यांच्या नावाने ती तेथे स्वतंत्र संग्रह म्हणून ठेवलेली आहेत.