लिस्बन ते साष्टी : थॉमस स्टीफन्स यांच्या पहिल्या समुद्रप्रवासाचे चरित्रदृष्ट्या महत्त्व

मराठी वाङ्मयाच्या इतिहासात फादर थॉमस स्टीफन्स यांना स्थान मिळाले ते ‘ख्रिस्तपुराणा’चे कर्ते म्हणून. साहजिकच त्यांच्या चरित्राची मांडणी १६१६ या ग्रंथप्रकाशनाच्या वर्षाभोवती केली जाते आणि त्यापूर्वीचा काळ प्रास्ताविकाच्या चार वाक्यांत उरकला जातो. परंतु १५७९ साली गोव्याच्या किनाऱ्यावर उतरलेला तिशीच्या घरातील इंग्रज तरुण आणि मराठी ओवीत अकरा हजारांच्या आसपास रचना करणारा वृद्ध धर्मगुरू यांच्यामध्ये सदतीस वर्षांचे अंतर आहे. ख्रिस्ताची वार्ता सांगण्यासाठी निघालेल्या माणसाला ती परक्यांच्या भाषेत सांगता येण्यापूर्वी किती ऐकावे लागले, हा या अंतराचा खरा विषय होय. त्याचा आरंभ त्यांच्या पहिल्या समुद्रप्रवासात शोधावा लागतो.

१

स्टीफन्स यांचा जन्म सुमारे १५४९ मध्ये इंग्लंडमधील विल्टशर परगण्यातल्या बुश्टन या गावी झाला. त्यांचे बालपण संपेपर्यंत एलिझाबेथ राणीच्या राजवटीत रोमन कॅथलिक पंथ राजमान्यतेतून बाहेर पडला होता. १५७० मध्ये पोपने राणीला बहिष्कृत केल्यानंतर तर कॅथलिक असणे आणि राजद्रोही असणे यांतील सीमारेषा सत्तेच्या दृष्टीने पुसट झाली. या वातावरणात थॉमस पाउंड या दरबारी गृहस्थाशी स्टीफन्स यांचा निकटचा संबंध आला. पाउंड दरबारी वैभवाला विटून धर्मनिष्ठ झाले होते. दोघांनीही रोमला जाऊन येशूसंघात, म्हणजे जेझुइट संघात, प्रवेश करण्याचे ठरविले. परंतु निघण्यापूर्वीच पाउंड पकडले गेले आणि पुढची जवळजवळ तीस वर्षे त्यांनी निरनिराळ्या तुरुंगांत काढली. स्टीफन्स एकटेच गेले. २० ऑक्टोबर १५७५ रोजी रोममध्ये त्यांचा संघप्रवेश झाला. मागे राहिलेल्या मित्राचा विसर त्यांना पडला नाही. पाउंड यांना तुरुंगात असतानाच संघात घ्यावे अशी विनंती त्यांनी १५७८ मध्ये वरिष्ठांकडे केली आणि ती मान्यही झाली.

स्वदेशी परतून गुप्तपणे धर्मकार्य करण्याचा मार्ग इंग्रज जेझुइटांनी पुढे १५८० मध्ये स्वीकारला. एडमंड कँपियन यांना १५८१ मध्ये त्यापायी देहदंड झाला. स्टीफन्स यांनी त्याआधीच पूर्वेची वाट धरली होती. त्या काळी हिंदुस्थानकडे जाणाऱ्या धर्मोपदेशकाला पोर्तुगीज राजसत्तेच्या आश्रयानेच आणि तिच्याच जहाजातून जावे लागे. इंग्रजी मातृभाषा, लॅटिन शिक्षण, पोर्तुगीज राज्य आणि कोंकणी-मराठी बोलणारी प्रजा अशा चार भाषिक जगांतून त्यांचे पुढील आयुष्य गेले. त्याची पूर्वखूण या प्रवासाच्या व्यवस्थेतच होती.

२

४ एप्रिल १५७९ रोजी पाच जहाजांचा ताफा लिस्बनहून निघाला. या प्रवासाची माहिती स्टीफन्स यांनी १० नोव्हेंबर १५७९ रोजी गोव्याहून वडिलांना लिहिलेल्या पत्रातून मिळते. सोळाव्या शतकाच्या अखेरीस रिचर्ड हॅक्लुइट यांनी इंग्रजांच्या समुद्रप्रवासांचा जो संग्रह सिद्ध केला त्यात हे पत्र समाविष्ट झाल्यामुळे ते टिकले.

प्रवासाच्या आरंभीच, मदेराजवळच्या पोर्तो सांतो बेटाच्या परिसरात, एकट्या पडलेल्या त्यांच्या जहाजावर एका इंग्रज जहाजाने तोफा डागल्या. इजा झाली नाही आणि पोर्तुगीजांच्या मोठ्या तोफा पुढे येताच ते जहाज निघून गेले. स्वदेशीयांच्या माऱ्याखाली परदेशी जहाजात उभ्या असलेल्या या तरुणाला त्या देखण्या जहाजाचा असा विनियोग व्हावा याचे वाईट वाटले. मायदेश कायमचा मागे पडल्याची जाणीव याहून स्पष्टपणे करून देणारा प्रसंग क्वचितच असेल.

पुढे गिनीच्या किनाऱ्यालगत वारा पडला आणि विषुववृत्ताजवळच्या उकाड्यात जहाज रेंगाळले. २९ जुलैच्या सुमारास ते आफ्रिकेच्या दक्षिण टोकाशी आले. तेथे वादळ नव्हते. परंतु सुकाणूदाराने जहाज किनाऱ्याच्या फार जवळ नेले, वारा फिरला आणि प्रचंड लाटांनी ते अगुल्हास भूशिराकडे ढकलले. खडकाळ किनारा समोर दिसत असता सर्वांनी जगण्याची आशा सोडली होती. वाऱ्याने पुन्हा दिशा बदलली म्हणून जहाज वाचले.

तेथून हिंदुस्थानला येण्याचे दोन मार्ग होते. मादागास्करच्या आतल्या बाजूने आल्यास मोझांबिक येथे विसावा आणि ताजे अन्नपाणी मिळे. बाहेरच्या बाजूने आल्यास जमिनीचे दर्शन होत नसे. उशीर झाल्यामुळे स्टीफन्स यांच्या जहाजाला दुसरा मार्ग घ्यावा लागला. त्याचे परिणाम ठरलेले होते : हिरड्या सुजणे, पाय सुजणे, सर्वांग दुखणे, ज्वर आणि अतिसार. आज हा रोग स्कर्व्ही म्हणून ओळखला जातो. जहाजावर दीडशेहून अधिक लोक आजारी पडले आणि सत्तावीस दगावले. इतर वर्षांच्या मानाने ही हानी अल्पच समजली गेली, अशी नोंद स्टीफन्स करतात. या निर्विकार नोंदीवरून त्या काळच्या धर्मोपदेशकाच्या प्रवासाची किंमत कळते.

या पत्राचा मोठा भाग मात्र संकटांना दिलेला नाही. उडणारे मासे, शार्क व त्यांना चिकटून फिरणारे मासे, पाण्यावर तरंगणारे पारदर्शक जीव, पक्ष्यांच्या जाती, होकायंत्राच्या सुईचे विचलन यांची वर्णने स्टीफन्स तन्मयतेने करतात. ध्रुवाच्या उंचीवरून उत्तर-दक्षिण अंतर मोजता येते, परंतु पूर्व-पश्चिम अंतर मोजण्यास स्थिर खूण नाही, ही नौकानयनातील मूळ अडचण त्यांनी नेमकी ओळखली आहे. या अडचणीचा अनुभवही त्यांना आला. प्रवाहांनी चकविल्यामुळे हिंदुस्थान जवळ आला असे वाटत असताना जहाज सोकोत्रा बेटाच्या बाजूस गेले होते. अखेर ओळखीचे पक्षी, माडाच्या झावळ्या आणि पाण्यात पोहणारे साप ही जमिनीची चिन्हे दिसली आणि २४ ऑक्टोबर १५७९ रोजी ते गोव्यात पोचले.

३

पत्र लिहिले गेले तेव्हा स्टीफन्स यांना गोव्यात येऊन अवघे सतरा दिवस झाले होते. लोकांचा वर्ण, चेहरेपट्टी, पोशाख यांची वर्णने त्यात आहेत. माडाविषयी तर ते विस्ताराने लिहितात : नारळ, ताडी, तेल, गूळ आणि दोर ही सर्व एकाच झाडापासून मिळतात याचे त्यांना नवल वाटते. धर्मप्रसाराच्या योजनांना किंवा धर्मविषयक वादाला पत्रात फारशी जागा नाही. येथील लोक त्यात दिसतात, पण बोलत नाहीत. नवागताला त्यांची भाषा येत नसल्यामुळे हे स्वाभाविक होते. सुवार्ता सांगण्यासाठी आलेला हा तरुण त्या क्षणी, सांगण्याच्या दृष्टीने, मुका होता.

चार वर्षांनी, २४ ऑक्टोबर १५८३ रोजी, पॅरिसमधील धाकटे बंधू रिचर्ड यांना लिहिलेल्या लॅटिन पत्रात चित्र बदललेले दिसते. येथील भाषा अनेक असून त्यांचे उच्चार कानास अप्रिय नाहीत आणि त्यांची घडण ग्रीक व लॅटिन यांच्याशी मिळतीजुळती आहे, असे निरीक्षण त्यांनी नोंदविले. विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक व लॅटिन यांच्या नात्याचा सिद्धान्त १७८६ मध्ये मांडला. त्याच्या दोनशे वर्षे आधीची ही नोंद आहे. जहाजाच्या कठड्यावरून माशांचे आणि झावळ्यांचे वर्णन करणारी दृष्टीच आता शब्दरूपांकडे वळली, असे म्हणण्यास आधार आहे.

त्याच पत्रात एका भीषण घटनेचाही वृत्तान्त आहे. १५६७ मध्ये साष्टीतील देवळे पाडण्यात आली होती आणि कुंकळ्ळी व आसपासच्या गावांनी पोर्तुगीज सत्तेला व तिच्या धर्माला दीर्घकाळ विरोध केला होता. २५ जुलै १५८३ रोजी कुंकळ्ळी येथे रुदोल्फो अक्वाविवा यांच्यासह पाच जेझुइट मारले गेले. पुढे कुंकळ्ळीच्या गावकारांना बोलावून घेऊन असोळणे येथे ठार करण्यात आले. मृत सहकाऱ्यांचे देह मिळवून त्यांच्यावर अंत्यसंस्कार करण्यात स्टीफन्स यांचा सहभाग होता. जी सुवार्ता सांगण्यासाठी ते आले तिच्या पाठीशी तोफा होत्या आणि ज्यांना ती सांगायची त्यांच्या मनात पाडलेली देवळे होती, हे सत्य या घटनेने त्यांच्यासमोर उघडे केले. त्यांनी त्या सत्तेचा त्याग केला नाही, तिचा जाहीर निषेधही केला नाही. या मर्यादेसह त्यांचे चरित्र वाचावे लागते. परंतु आयुष्याची उरलेली छत्तीस वर्षे त्यांनी प्रामुख्याने याच साष्टीत, या लोकांची भाषा बोलत काढली.

४

भाषा शिकण्याचे फलित तीन ग्रंथांत दिसते. कोंकणीचे व्याकरण व ख्रिस्ती धर्मतत्त्वांची कोंकणी प्रश्नोत्तरी ही दोन्ही पुस्तके त्यांच्या मृत्यूनंतर राशोल येथे छापली गेली. प्रश्नोत्तरी १६२२ मध्ये, व्याकरण १६४० मध्ये. ‘ख्रिस्तपुराण’ मात्र १६१६ मध्ये राशोल येथेच त्यांच्या हयातीत निघाले.

या पुराणाची निर्मिती मागणीतून झाल्याचे ग्रंथाच्या आरंभीच सूचित होते. नवख्रिस्ती झालेल्यांची जुनी पुराणे त्यांच्यापासून दूर झाली होती, पण त्यांच्या जागी ऐकण्यासारखे काही मिळाले नव्हते. ही पोकळी एका ब्राह्मणाच्या प्रश्नातून व्यक्त होते आणि पाद्री गुरू तिला उत्तर म्हणून कथा सांगू लागतात. प्रश्न, श्रोता, गुरू, कथन हा सारा साचा मराठी पुराणपरंपरेचा आहे. पहिल्या पुराणात ३६ व दुसऱ्यात ५९ असे एकूण ९५ अवस्वर, ओवी हा छंद, स्वर्गासाठी वैकुंठ आणि देवासाठी परमेश्वर यांसारखे शब्द, यांतून परका विषय परिचित वाणीत उतरला. जेझुइटांनी मराठी पोथ्या रोमन लिपीत उतरवून अभ्यासल्या होत्या. त्यांतील काही पोथ्या पोर्तुगालमधील ब्रागा येथे जतन झाल्या आहेत. ज्या परंपरेला सत्ता हद्दपार करू पाहत होती तिचेच शिष्यत्व पत्करल्याशिवाय हे काव्य संभवले नसते. मराठी भाषेचा त्यातील प्रसिद्ध गौरव याच पार्श्वभूमीवर पाहावा लागतो.

एक इच्छा मात्र अपुरी राहिली. १६०८ मध्ये संघप्रमुखांना लिहिलेल्या पत्रात स्टीफन्स यांनी देशी भाषेतील पुस्तके देशी लिपीतच छापली जावीत अशी अनेक वर्षांची तळमळ व्यक्त केली. युरोपीय लिपीला चोवीस ठसे पुरतात, येथे सहाशेच्या आसपास लागतील, हा मुख्य अडथळा होता. संख्या कमी करण्याचा उपायही त्यांनी सुचविला. तरीही ‘ख्रिस्तपुराण’ रोमन लिपीतच छापले गेले. १६४९ व १६५४ मध्ये त्याच्या पुढील आवृत्त्या निघाल्या. या तिन्ही आवृत्त्यांच्या प्रती आज उपलब्ध नाहीत. ग्रंथ हस्तलिखितांच्या आधारे टिकला. १९०७ मध्ये सालढाणा यांनी मंगळूरहून रोमन लिपीत आणि १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांनी पुण्याहून देवनागरीत तो प्रसिद्ध केला. लंडनमधील मार्सडेन संग्रहात तर त्याची देवनागरी हस्तलिखित प्रत आढळली.

स्टीफन्स १६१९ मध्ये गोव्यातच निवर्तले. चाळीस वर्षांत ते इंग्लंडला परतले नाहीत. १५८३ च्या अखेरीस राल्फ फिच, जॉन न्यूबेरी इत्यादी इंग्रज व्यापारी गोव्यात बंदी म्हणून आणले गेले, तेव्हा त्यांच्या सुटकेसाठी त्यांनी खटपट केली. देशबंधूंशी त्यांच्या प्रत्यक्ष संबंधाचा तेवढाच ठळक दाखला आहे.

लिस्बनहून गोव्यापर्यंतचे अंतर त्यांनी साडेसहा महिन्यांत कापले. वडिलांच्या पत्रातील मूक माणसांपासून ‘ख्रिस्तपुराणा’तील प्रश्न विचारणाऱ्या ब्राह्मणापर्यंतचे अंतर कापण्यास त्यांना सदतीस वर्षे लागली. या दुसऱ्या प्रवासात सांगणारा आधी श्रोता झाला. स्टीफन्स यांचे मराठी वाङ्मयातील स्थान निश्चित करताना त्यांच्या धर्मनिष्ठेइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, या श्रोतेपणाला महत्त्व द्यावे लागते.