जनरल विल्यम बूथ

मुक्तिफौजेचें नांव महाराष्ट्रांतील वाचकांस नवें नाहीं. १८८२ च्या सप्टेंबर महिन्यांत फ्रेडरिक टकर व त्यांचे तीन सोबती मुंबई बंदरांत उतरले, तेव्हांपासून ती येथें आहे. परंतु ह्या फौजेचे मूळ जनरल कोणत्या स्वभावाचे होते, आणि एकट्याच्या हुकुमानें चालणारी संस्था उभारतांना त्यांस काय किंमत द्यावी लागली, हें फारसें कोणी सांगत नाहीं.

विल्यम बूथ ह्यांचा जन्म १० एप्रिल १८२९ रोजीं इंग्लंडांतील नॉटिंगहॅम येथें झाला. घरची स्थिति खालावल्यामुळें तेराव्या वर्षींच त्यांस एका गहाणवटदाराच्या दुकानांत उमेदवारीस राहावें लागलें, व गरिबांचें दैन्य त्यांनीं तेथें जवळून पाहिलें. पुढें ते मेथॉडिस्ट पंथाच्या एका शाखेंत उपदेशक झाले. गांवोगांव जाऊन उपदेश करण्याची त्यांस हौस. धर्मसभेनें मात्र त्यांस एकाच विभागास बांधून ठेविलें. १८६१ सालीं त्यांनीं राजीनामा दिला. जो गृहस्थ पुढें हजारों माणसांस हुकूम सोडणार होता, त्यास स्वतःस दुसऱ्याचा हुकूम सोसवला नाहीं, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे.

१८६५ सालीं लंडनच्या पूर्व भागांत, व्हाइटचॅपलच्या दारिद्र्यानें व दारूनें ग्रासलेल्या वस्तींत, त्यांनीं कार्य आरंभिलें. १८७० सालीं ह्या मिशनास त्यांनीं जी घटना दिली ती वार्षिक सभेची, समित्यांची व मतांची होती. पण समित्यांत चर्चा लांबत, आणि रस्त्यावरचें काम खोळंबून राही. १८७७ सालीं त्यांनीं सर्व सूत्रें आपल्या हातीं घेतलीं, व बहुतेक सोबत्यांनीं त्यास आनंदानें संमति दिली. दुसऱ्या वर्षीं मिशनाच्या वर्णनांत स्वयंसेवकांची फौज असे शब्द होते. थोरले चिरंजीव ब्रॅमवेल ह्यांनीं आपण स्वयंसेवक नव्हे, असा आक्षेप घेतला. बूथ ह्यांनीं लेखणी घेऊन तो शब्द खोडला व त्याच्या जागीं मुक्ति हा शब्द लिहिला. त्याच १८७८ सालच्या दस्तऐवजानें संस्थेची सर्व सत्ता व मालमत्तेचा कारभार त्यांच्या एकट्याच्या हातीं आला, आणि पुढचा जनरल नेमण्याचा अधिकारही त्यांचाच झाला.

ही एकतंत्री सत्ता निव्वळ अहंकाराची होती, असें आम्हांस वाटत नाहीं. एका हुकुमानें माणसें कोणत्याही देशास निघत, म्हणूनच फौज इतक्या त्वरेनें पसरली. शिवाय जनरलच्या शब्दास उलट शब्द देणारी एक व्यक्ति घरांतच होती. त्यांच्या पत्नी कॅथरीन ह्यांनीं, स्त्रीची बुद्धि पुरुषाहून उणी आहे हें बूथ ह्यांचें मत विवाहापूर्वींच पत्रांतून खोडून काढिलें होतें. १८५९ सालीं स्त्रियांच्या उपदेशाधिकारावर पुस्तिका लिहिली, आणि १८६० पासून त्या स्वतः व्यासपीठावर उभ्या राहिल्या. फौजेंत स्त्रियांस पुरुषांच्या बरोबरीनें अधिकार मिळाले, तो त्यांचाच प्रभाव. ४ ऑक्टोबर १८९० रोजीं कर्करोगानें त्यांचा अंत झाला. तराजूचें एक पारडें त्या दिवशीं रिकामें झालें.

बूथ ह्यांचीं बहुतेक मुलें फौजेंत अधिकारी होतीं. त्यामुळें बाप कोठें संपतो व जनरल कोठें सुरू होतो, हें त्या घरांत कोणास कळेना. १८९६ सालीं दुसरे चिरंजीव बॅलिंग्टन ह्यांस अमेरिकेचें आधिपत्य सोडण्याचा हुकूम गेला. तेथें त्यांनीं व त्यांच्या पत्नीनें नऊ वर्षें काम केलें होतें. हुकूम न मानतां दोघांनीं राजीनामे दिले व तेथेंच निराळी संस्था काढिली. येथें जनरलची बाजूही पाहिली पाहिजे: बदलीचा नियम सर्व अधिकाऱ्यांस सारखा होता, आणि मुलास सूट दिली असती तर इतरांस कोणत्या तोंडानें पाठविलें असतें? परंतु १९०२ सालीं कन्या कॅथरीन व त्यांचे यजमान बाहेर पडले, आणि त्याच वर्षीं ऑस्ट्रेलियांतून हर्बर्टही गेले. तीन अपत्यें एकामागून एक सोडून जातात, तेव्हां केवळ नियमाकडे बोट दाखवून भागत नाहीं.

१८९६ च्याच डिसेंबरांत बूथ हे वृद्ध ग्लॅडस्टन ह्यांस भेटावयास हॉवर्डन येथें गेले होते. बोलतां बोलतां त्या मुरब्बी राजकारण्यानें विचारिलें कीं, पुढें एखादा जनरल नालायक निघाल्यास त्यास दूर करण्याची काय सोय आहे. तशी पुरेशी सोय नव्हती. प्रश्न बूथ ह्यांच्या मनांत घर करून राहिला. कायदेपंडितांचा सल्ला घेऊन १९०४ सालीं त्यांनीं नवा दस्तऐवज केला, आणि अयोग्य ठरलेल्या जनरलास काढण्याचा अधिकार ज्येष्ठ अधिकाऱ्यांच्या एका उच्च मंडळास दिला. पंचाहत्तर वर्षांच्या हुकमी पुरुषानें आपल्याच गादीस असा लगाम घालावा, हें त्यांच्या सर्व मोहिमांहून कठीण काम होतें, असें आमचें मत आहे.

२० ऑगस्ट १९१२ रोजीं बूथ निवर्तले. सीलबंद लखोटा उघडण्यांत आला. त्यांत ब्रॅमवेल ह्यांचें नांव निघालें. सतरा वर्षांनीं, १९२९ सालीं, आजारी ब्रॅमवेल पद सोडीनात, तेव्हां पित्यानें निर्मिलेलें तेंच मंडळ प्रथम भरलें व त्यानें त्यांस पदच्युत केलें. १९३१ च्या कायद्यानें लखोट्याची चालही संपली. १९३४ सालीं बूथ ह्यांच्या कन्या इव्हँजेलिन जनरल झाल्या, त्या मात्र मंडळाच्या मतांनीं निवडून.