मार्गारेट मॅकमिलन आणि शाळेंतील न्याहारी

गांवोगांवच्या आमच्या शिक्षकबंधूंस उपयोगी पडेल असें एक चरित्र आम्ही येथें थोडक्यांत देत आहों.

मार्गारेट मॅकमिलन बाईंचा जन्म सन १८६० मध्यें अमेरिकेंत, स्कॉटलंडांतून तिकडे गेलेल्या एका कुटुंबांत झाला. त्या पांच वर्षांच्या असतांना बाप व एक बहीण तापानें वारलीं, आणि आई उरलेल्या दोघी मुलींस घेऊन स्वदेशीं माहेरीं परतली.

सन १८९३ त बाई इंग्लंडांतील ब्रॅडफर्ड ह्या लोंकरीच्या गिरण्यांच्या शहरीं राहावयास गेल्या, व पुढल्याच वर्षीं तेथील शाळामंडळावर निवडून आल्या. तेथें अकरा-बारा वर्षांचीं पोरें अर्धा दिवस गिरणींत राबत आणि अर्धा दिवस शाळेंत येऊन बसत. कित्येकांच्या पोटांत सकाळपासून कांहीं नसे. मुलांनीं शाळेंत यावें अशी सरकारनें सक्ती करावी आणि त्यांच्या पोटाची विचारपूस मात्र करूं नये, हें बाईंस पटेना. उपाशी पोरास शिकविणें म्हणजे पैसा व श्रम दोन्ही वायां घालविणें, असें त्यांचें मत होतें. शाळेनें खाऊं घातलें तर आईबाप निष्काळजी होतील, असा पुष्कळांचा आक्षेप होता. तो अगदींच पोकळ होता असें आम्ही म्हणत नाहीं. पण आईबापांच्या दोषाचा दंड लेंकरानें कां भरावा?

सन १९०२ त बाई लंडनकडे गेल्या. चळवळ त्यांनीं सोडिली नाहीं. सन १९०६ त पार्लमेंटानें कायदा करून, शाळेंतील मुलांच्या जेवणाकरितां कराच्या पैशांतून खर्च करण्याची मुभा दिली. सक्ती नव्हे, मुभाच.

पुढल्या वर्षीं ब्रॅडफर्डच्या शाळांचे डॉक्टर क्राउली ह्यांनीं चाळीस गरीब मुलें निवडून एप्रिलपासून जुलैपर्यंत त्यांस न्याहारी व दुपारचें जेवण दिलें. न्याहारी साधीच: ओट धान्याची पेज, वर दूध व काकवी, आणि पाव. मुलांस वेळोवेळीं तोलीत. ज्यांस हें अन्न मिळत नव्हतें अशा दुसऱ्या मुलांसही तोलीत. न्याहारीचीं मुलें पुष्कळ अधिक भरलीं. मध्यें आठवडाभर सुटी पडली, तेव्हां त्यांचेंच वजन उलट घटलें! घरीं काय शिजत होतें हें निराळें विचारावयास नकोच.

सन १९१४ त बाईंनीं व त्यांची बहीण रेचेल ह्यांनीं लंडनांतील डेप्टफर्ड ह्या गरीब वस्तींत बागेंतील बालशाळा काढिली. न्हाणें, जेवणें, निजणें हींही तेथें शिक्षणांतच मोडत. रेचेल १९१७ त वारल्या. बाईंनीं शाळेस बहिणीचें नांव देऊन ती पुढें चालविली, व १९३१ त त्याही निवर्तल्या. शाळेंत जेवण देणें हें स्थानिक अधिकाऱ्यांचें कर्तव्य ठरलें तें सन १९४४ च्या कायद्यानें.