संत जोसेफ वाझ आणि घरातील जपमाळ

ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगी ख्रिस्तमंदिर, त्याची घंटा आणि आपले धर्मगुरू यांचे स्मरण आपण कृतज्ञतेने करतो. परंतु जेथे मंदिर नाही, घंटा नाही आणि धर्मगुरूही नाहीत, तेथे श्रद्धा कोठे वास करते? ती घरात वास करते. ज्यांच्या चरित्रावरून ही गोष्ट उत्तम रीतीने ध्यानी येते, त्या संत जोसेफ वाझ यांची ओळख मेहकरच्या वाचकांस करून द्यावी, असे आम्ही योजिले आहे.

त्यांचा जन्म २१ एप्रिल १६५१ रोजी गोमंतकातील बाणावली या गावी झाला. हे त्यांचे आजोळ. वडिलांचे घर सांकवाळ येथील. दोन्ही घराणी भाविक होती. घरात पडलेले प्रार्थनेचे वळण पुढे आयुष्यभर टिकले. १६७६ साली ते धर्मगुरू झाले आणि पुढील वर्षी एका लेखाद्वारे त्यांनी स्वतःस पवित्र मारियेचे दास म्हणून वाहून घेतले. काही वर्षे त्यांनी कानडा प्रांतातही सेवा केली.

त्या काळी सिंहलद्वीपाचा किनारा डच लोकांच्या ताब्यात होता. त्यांनी कॅथलिक धर्मगुरूंस बंदी केली होती व मंदिरे हिरावून घेतली होती. तेथील श्रद्धावंतांची वार्ता ऐकून फादर वाझ यांचे अंतःकरण कळवळले. १६८७ साली गरीब मजुराच्या वेषाने ते जाफना येथे उतरले. प्रवासात हगवणीने ते मरणोन्मुख झाले होते. बरे होताच गळ्यात जपमाळ घालून ते दारोदार भिक्षा मागू लागले. जपमाळ पाहून कोणत्या घरच्या माणसांचे डोळे ओलावतात, हे ते न्याहाळीत. अशा रीतीने एक घर सापडले, त्या घराने दुसरे दाखविले आणि रात्रीच्या अंधारात मिस्सा होऊ लागली. धर्मगुरूंवाचून सुमारे तीस वर्षे लोटली होती. तरी आईबापांनी मुलांस प्रार्थना शिकविली होती, म्हणूनच हे घडले.

१६९२ साली ते कँडी येथे गेले, तेव्हा पोर्तुगीजांचे हेर समजून राजा दुसरा विमलधर्मसूर्य याने त्यांस बंदीत टाकिले. पुढे १६९७ च्या सुमारास त्या नगरीत देवीची साथ आली. भय असे पसरले की, आप्तांनी आप्तांस टाकून पळ काढिला. घरच्यांनी टाकिलेल्या रोग्यांस फादर वाझ आणि त्यांचे भाचे फादर जोसे कार्व्हाल्यो यांनी जवळ केले. त्यांस अन्नपाणी दिले, त्यांच्या जखमा धुतल्या व मृतांस मूठमाती दिली. धर्म व जात त्यांनी पाहिली नाही. ही सेवा पाहून राजाने त्यांस मोकळेपणाने कार्य करू दिले. १६ जानेवारी १७११ रोजी कँडी येथेच त्यांनी देह ठेविला. १४ जानेवारी २०१५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी कोलंबो येथे त्यांस संतपद दिले.

रोग्यास टाकून जाणारी ती माणसे दुष्ट नव्हती, असे आम्हांस वाटते. ती भ्यालेली होती. आपल्या घरातही प्रेम आटते ते बहुधा द्वेषाने नव्हे, तर भयाने, थकव्याने आणि अबोल्याने. अंथरुणास खिळलेली सासू, पीक बुडाल्याने चिडचिडा झालेला धनी, कामधंद्यासाठी पुण्या-मुंबईस गेलेला व पत्र-निरोप न धाडणारा मुलगा: यांच्याजवळ जावयास धैर्य लागते. ते धैर्य प्रार्थनेतून येते. मात्र जपमाळ म्हणून उठलेल्या हातांनी रोग्यास पेज भरविली नाही, तर ती प्रार्थना अपुरीच राहिली म्हणावयाची.

पैनगंगेच्या या परिसरात आपली घरे थोडी व विखुरलेली आहेत. म्हणून प्रत्येक घराने आज रात्री दिवा लावून एकत्र बसावे आणि ज्याच्याशी बोलणे तुटले आहे, त्याचे नाव प्रथम घ्यावे. उद्या कोणी अनोळखी पाहुणा गळ्यात जपमाळ घालून दारी आला, तर आपल्या घरातील माणसांचे परस्परांशी वागणे पाहूनच त्यास हे घर ओळखू यावे, एवढीच आमची प्रार्थना आहे.