Explained: रविवारची सुट्टी माहीत आहे, पण नारायण मेघाजी लोखंडे यांची पाचवी मागणी कोणती होती?

कर्वेनगरात सकाळी साडेआठच्या सुमारास फिरलात, तर दर दोन गल्ल्यांआड हिरव्या जाळीत गुंडाळलेली एक इमारत दिसते. जुन्या सोसायट्या पाडून नवे टॉवर उभे राहतायत. मोठ्या साइटवर काम सुरू होण्याआधी सगळ्यांना ओळीत उभं करून पाच-दहा मिनिटं सूचना दिल्या जातात. याला साइटवर ‘टूलबॉक्स टॉक’ म्हणतात. हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली लावा, परांचीवर चढण्याआधी हार्नेसचा हूक अडकवा, लिफ्टच्या डक्टजवळ अंधारात जाऊ नका, वगैरे. त्याच गल्लीतल्या छोट्या साइटवर यातलं काहीच नसतं. मुकादम येतो, हजेरी लिहितो आणि काम सुरू होतं.

मी इंजिनिअरिंग केलं. चार वर्षांत सुरक्षिततेबद्दल आम्हाला जे शिकवलं गेलं ते वर्कशॉपच्या पहिल्या तासाला, तेही बूट आणि खाकी एप्रन नसेल तर आत घेणार नाही एवढंच. त्यामुळे कामाच्या जागी माणूस जखमी झाला तर जबाबदारी कुणाची, हा प्रश्न या शहराशी जवळचं नातं असलेल्या एका माणसाने १८८४ मध्येच लेखी स्वरूपात सरकारपुढे ठेवला होता, हे मला बरंच उशिरा कळलं. त्या माणसाचं नाव नारायण मेघाजी लोखंडे. दरवर्षी १० जूनला रविवारच्या सुट्टीचे जनक म्हणून त्यांचा फोटो तुमच्या व्हॉट्सअॅपवर येतो. त्या फॉरवर्डमध्ये त्यांचं निम्मं कामही येत नाही.

कोण होते लोखंडे?

जन्म १८४८, ठाणे. घराणं मूळचं पुणे जिल्ह्यातल्या कन्हेरसरचं, माळी समाजातलं, परिस्थिती बेताची. मॅट्रिकपर्यंत शिक्षण झालं. आधी रेल्वेत, मग टपाल खात्यात नोकरी केली आणि पुढे मुंबईतल्या मांडवीच्या कापड गिरणीत ते स्टोअरकीपर म्हणून लागले. ही नोकरी महत्त्वाची आहे. स्टोअरकीपर म्हणजे ना साच्यावर उभा राहणारा कामगार, ना मालक. पण गिरणीत काय चाललंय ते त्याला रोज दिसतं.

काय दिसत असेल? तेव्हा गिरणीत विजेचे दिवे नव्हते. उजाडलं की भोंगा आणि दिसेनासं झालं की सुटी, म्हणजे उन्हाळ्यात दिवस लांबला की कामही लांबायचं. एका मोठ्या वाफेच्या इंजिनाची ताकद छतालगतच्या शाफ्टवरून चामड्याच्या पट्ट्यांनी प्रत्येक यंत्रापर्यंत यायची. हे पट्टे उघडेच असत. धोतराचं टोक, पदर, केस, बोट, काहीही त्यात सापडू शकायचं. एकच यंत्र थांबवायचं म्हटलं तर पट्टा हाताने सरकवण्याची कसरत. वर कापसाची धूळ. ती वर्षानुवर्षं छातीत जाऊन जो आजार होतो त्याला आज बिसिनोसिस म्हणतात. तेव्हा त्याला गिरणीतला खोकला याहून वेगळं नाव नव्हतं. पगार महिना उलटून गेल्यावर कधीतरी व्हायचा. सुट्टीचा म्हणून जो दिवस असे, त्या दिवशीही सकाळी यंत्रं पुसायला यावं लागे.

फुल्यांशी संबंध कसा आला?

पुण्यात २४ सप्टेंबर १८७३ रोजी जोतीराव फुले यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला. लोखंडे त्यात आले आणि पुढे मुंबईतल्या कामाचा मोठा भार त्यांच्यावर पडला. फुल्यांना आपण शिक्षणासाठी ओळखतो, पण ते सरकारी बांधकामांचे ठेकेदारही होते. खडकवासला धरणाच्या कामाशी त्यांचा संबंध होता. कर्वेनगरातला कॅनॉल रस्ता ज्या डाव्या मुठा कालव्यामुळे ओळखला जातो, त्यात पाणी यायचं ते याच धरणाचं. दगड फोडणाऱ्या आणि माती वाहणाऱ्या मजुरांचं जगणं फुल्यांनी साइटवर उभं राहून पाहिलं होतं, लोखंडेंनी गिरणीत. दोघांचं जमलं यात नवल नाही.

‘दीनबंधू’ हे वृत्तपत्र कृष्णराव भालेकरांनी १८७७ मध्ये पुण्यात सुरू केलं होतं. ते आर्थिक अडचणीत आल्यावर १८८० मध्ये लोखंडेंनी ते मुंबईला नेऊन चालवलं. गिरण्यांमधले हाल नियमितपणे छापणारं पत्र म्हणून ते ओळखलं जाऊ लागलं. गुरू-शिष्यांमध्ये सगळं गोडीगुलाबीचं होतं असंही नाही. फुल्यांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’चा सुरुवातीचा भाग छापून लोखंडेंनी पुढचं छापणं थांबवलं. मजकूर फारच जहाल होता. फुले भयंकर चिडले आणि तो राग त्यांनी पुस्तकातही नोंदवून ठेवला. संपादक म्हणून लोखंडे तिथे कचरले, हे मान्य करायला हरकत नाही.

१८८१ चा कायदा होता, मग अडचण काय होती?

भारतातला पहिला कारखाना कायदा १८८१ चा. मुंबईचे सोराबजी शापूरजी बंगाली त्यासाठी आधीपासून झगडत होते. या कायद्याने ७ वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवायला बंदी आली, ७ ते १२ वयाच्या मुलांसाठी ९ तासांची मर्यादा आली. धोकादायक यंत्रांना कुंपण घालायचं आणि अपघात कळवायचे, हेही त्यात होतं. पण तो लागू होता फक्त शंभर किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यांना. आणि प्रौढ कामगारांच्या तासांबद्दल त्यात काहीच नव्हतं, ना बायकांच्या, ना पुरुषांच्या. जखमी झालेल्याचं पुढे काय, यावरही तो गप्प होता.

इथे एक राजकीय गुंता होता. भारतात कारखाना कायदा व्हावा म्हणून सगळ्यात जास्त जोर लावत होते ते लँकेशायरचे गिरणीमालक, कारण मुंबईचं स्वस्त कापड त्यांना जड जात होतं. त्यामुळे इथल्या राष्ट्रवादी वृत्तपत्रांपैकी बहुतेकांचा कायद्याला विरोध होता. देशी उद्योग बुडवण्याचा हा डाव आहे, असं त्यांचं मत. ते अगदीच खोटं नव्हतं. पण लँकेशायरचा हेतू वाईट होता म्हणून मुंबईच्या कामगाराचं तुटलेलं बोट जोडलं जात नव्हतं. लोखंडेंनी कायद्याची बाजू घेतली. त्या काळात हे लोकप्रिय होण्याचं लक्षण नव्हतं.

ती पाचवी मागणी

१८८४ मध्ये सरकारने पुन्हा एक कारखाना आयोग नेमला. त्याच्यासमोर कामगारांचं म्हणणं जावं म्हणून लोखंडेंनी सप्टेंबरमध्ये मुंबईत कामगारांच्या सभा घेतल्या आणि एक निवेदन तयार केलं. त्यावर सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्या होत्या.

निवेदनातल्या पहिल्या मागण्या ओळखीच्या आहेत. दर रविवारी पूर्ण सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढंच, आणि पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत. पाचवी मागणी वेगळी होती. कामावर असताना गंभीर जखमी झालेल्या कामगाराला बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा आणि तो कायमचा अपंग झाला तर त्याच्या पोटापाण्याची सोय व्हावी, अशी ती मागणी होती.

थोडं थांबून बघा. त्या काळी अपघात म्हणजे कामगाराचं नशीब किंवा त्याचाच निष्काळजीपणा. बोट गेलं की नोकरीही गेली. अशा वेळी एका स्टोअरकीपरने अपघाताचा खर्च कामगाराच्या अंगावरून काढून मालकाच्या हिशेबात टाकायला सांगितला. आज कोणताही सेफ्टी ऑफिसर तुम्हाला सांगेल की कंपन्या प्रशिक्षण देतात याचं एक मोठं कारण हेच आहे. अपघात महाग पडायला लागला की गार्ड बसवणं आणि माणसं शिकवणं स्वस्त वाटतं.

याच सभांमधून ‘बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन’ उभी राहिली आणि लोखंडे तिचे अध्यक्ष झाले. ती भारतातली पहिली कामगार संघटना म्हणून सांगितली जाते. अभ्यासक इथे थोडे अडखळतात, कारण तिच्याकडे सभासदांची नोंदवही, वर्गणी, घटना असं काही नव्हतं. रीतसर सभासद असलेली संघटना म्हणून १९१८ च्या मद्रास लेबर युनियनचं नाव घेतात. मला हा वाद फारसा महत्त्वाचा वाटत नाही. पाच हजारांवर कामगारांनी, ज्यातल्या बहुतेकांना वाचता येत नव्हतं, मालकाचा रोष पत्करून कागदावर नाव घातलं होतं.

सुट्टी मिळाली कशी?

१८८४ च्या निवेदनाने लगेच काही बदललं नाही. १८८९ मध्ये पुन्हा अर्ज गेला. मग २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली. दोन महिला कामगार त्या सभेत उभ्या राहून बोलल्या, आणि हे साल लक्षात ठेवा, १८९०. त्यानंतर १० जूनला गिरणीमालकांच्या संघटनेने साप्ताहिक सुट्टी मान्य केली.

फॉरवर्डमध्ये लिहिलेलं असतं की भारताला रविवार लोखंडेंनी दिला. तसं नाही. सरकारी कचेऱ्या त्याआधीही रविवारी बंद असत. साहेबाला आणि कारकुनाला असलेला रविवार गिरणी कामगाराला नव्हता, तो लोखंडेंनी मिळवून दिला.

त्याच वर्षी नेमलेल्या नव्या कारखाना आयोगाच्या मुंबईतल्या कामात सहसभासद म्हणून लोखंडेंना घेतलं गेलं. १८९१ चा दुरुस्त कायदा १ जानेवारी १८९२ पासून लागू झाला. आता तो पन्नास कामगारांच्या कारखान्यांनाही लागू होता. मुलांचं किमान वय ९ झालं आणि १४ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी ७ तासांची मर्यादा आली. स्त्रियांसाठी कमाल ११ तास ठरले, दुपारची अर्ध्या तासाची सुट्टी आली आणि आठवड्याची सुट्टी कायद्यात आली. पुरुषांचे तास मात्र मोकळेच राहिले. जखमींच्या भरपाईबद्दलही काही नव्हतं.

गिरणीबाहेरचं काम

विधवांचं केशवपन करायला नाभिकांनीच नकार द्यावा, म्हणून लोखंडेंनी १८९० मध्ये मुंबईत त्यांची सभा भरवली. त्यानंतर दहा वर्षांनी, १९०० मध्ये, धोंडो केशव कर्वे यांनी विधवांसाठीचा आपला आश्रम हिंगण्याला, म्हणजे आजच्या कर्वेनगरात आणला. १८९३ मध्ये मुंबईत हिंदू-मुस्लिम दंगल झाली तेव्हा लोखंडे गिरणगावात शांतता राखण्याच्या कामात होते. १८९५ मध्ये सरकारने त्यांना रावबहादूर किताब दिला.

१८९६ च्या सप्टेंबरमध्ये मुंबईत प्लेग आला. सुरुवात झाली मांडवीतून, जिथल्या गिरणीत ते एकेकाळी नोकरीला होते. ज्यांना शक्य होतं ते शहर सोडून गेले. लोखंडे राहिले आणि रुग्णसेवेच्या कामात पडले. ९ फेब्रुवारी १८९७ रोजी प्लेगनेच त्यांचा मृत्यू झाला. वय ४९ च्या आसपास. महिनाभराने, १० मार्चला, पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या.

मग पाचव्या मागणीचं काय झालं?

कामावर झालेल्या इजेची भरपाई देणारा कायदा झाला १९२३ मध्ये आणि लागू झाला १ जुलै १९२४ रोजी. म्हणजे निवेदनानंतर जवळपास ४० वर्षांनी. आजची कर्मचारी नुकसानभरपाईची व्यवस्था त्याच कायद्यातून आली. स्वातंत्र्यानंतर १९४८ चा कारखाना कायदा आला. भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर १९८७ मध्ये त्यात दुरुस्ती होऊन कामाच्या जागी सुरक्षिततेचं प्रशिक्षण मिळणं हा कामगाराचा हक्क म्हणून लिहिला गेला. बांधकाम कामगारांना स्वतंत्र कायद्यासाठी १९९६ पर्यंत थांबावं लागलं. आता कारखाना आणि बांधकाम कामगारांचे हे कायदे व्यावसायिक सुरक्षा संहितेत एकत्र केले आहेत आणि ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे.

तुमच्या ओळखीत कुणी गवंडी, बिगारी, सेंट्रिंग किंवा प्लंबिंगवाला असेल तर एक कामाची गोष्ट. वय १८ ते ६० असेल आणि मागच्या वर्षभरात किमान ९० दिवस बांधकामावर काम केलं असेल, तर राज्याच्या बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करता येते. मंडळाच्या योजनांचा लाभ नोंदणी असेल तरच मिळतो. अडचण बहुतेकदा येते ती ९० दिवसांच्या दाखल्याची. नाक्यावरून रोज वेगळ्या ठेकेदाराकडे जाणाऱ्याला तो द्यायचा कुणी?

लोखंडेंच्या नावाने २००५ मध्ये टपाल तिकीट निघालं. मुंबईत परळला राज्याची श्रम विज्ञान संस्था त्यांच्या नावाने आहे.

या लेखासाठी मी कर्वेनगरातल्या एका साइटवर रविवारी गेले, तर काम बंद होतं. वॉचमनने सांगितलं की शेजारच्या सोसायटीने आवाजाची तक्रार केल्यापासून रविवारी काम ठेवत नाहीत. तळमजल्यावर काही मजूर भाकरी थापत बसले होते. बंद असलेल्या दिवसाची त्यांची हजेरी लागत नाही.