ऋण फेडणारा संशोधक : डॉ. सलीमुज्जमान सिद्दिकी

डॉक्टरेट मिळाली की शिक्षणाचे सार्थक झाले, असे आपण समजतो. डॉ. सलीमुज्जमान सिद्दिकी यांचे खरे काम मात्र त्यानंतर सुरू झाले.

१८९७ साली बाराबंकी जिल्ह्यातील सुबेहा गावी त्यांचा जन्म झाला. अलीगढला तत्त्वज्ञान व फारसी घेऊन ते पदवीधर झाले. १९२० मध्ये वैद्यक शिकण्यासाठी लंडनला गेले. पण ओढ रसायनशास्त्राची लागली आणि पुढच्याच वर्षी त्यांनी जर्मनीतील फ्रँकफुर्ट गाठले. चित्रकलेचाही त्यांना नाद होता. प्रा. यूलियुस फॉन ब्राउन यांच्या हाताखाली १९२७ साली त्यांनी डॉक्टरेट पूर्ण केली.

या शिक्षणाला दिल्लीचे हकीम अजमलखान यांचा आधार होता. युनानी व आयुर्वेदिक औषधे आधुनिक शास्त्राच्या कसोटीवर तपासणारी प्रयोगशाळा आपल्या तिब्बिया कॉलेजात उभी राहावी, ही हकीमसाहेबांची तळमळ होती. परंतु १९२७ च्या डिसेंबरातच ते अल्लाला प्यारे झाले. आधार देणारा गेला, म्हणून तरुण डॉक्टरांनी दुसरी वाट धरली नाही. १९२८ मध्ये त्यांनी त्याच कॉलेजात संशोधन सुरू केले.

आपल्या वैद्य-हकिमांना सर्पगंधा फार पूर्वीपासून ठाऊक होती. तिच्या मुळातील नेमके कोणते द्रव्य गुणकारी, याचा शोध डॉ. सिद्दिकींनी घेतला. १९३१ साली त्यांनी सहकाऱ्यासह मुळातून शुद्ध अल्कलॉइडे वेगळी केली. त्यांतील एकाला नाव दिले ‘अजमलिन’! हृदयाच्या अनियमित ठोक्यांवर ते उपयोगी पडले. हृदयाच्या एका आनुवंशिक विकाराच्या निदानासाठी डॉक्टर आजही ते वापरतात. पुढे मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या रुग्णांवरील सर्पगंधेचे अनुभव १९४९ मध्ये ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात मांडले आणि जगाचे लक्ष या वनस्पतीकडे वेधले.

डॉ. सिद्दिकींनी कडुनिंबावरही मोलाचे संशोधन केले. १९५१ मध्ये ते पाकिस्तानात गेले, १९६१ मध्ये रॉयल सोसायटीचे फेलो झाले. नव्वदी ओलांडेपर्यंत ते कराचीतील संशोधन संस्थेचा कारभार पाहत होते. १९९४ मध्ये त्यांचे निधन झाले.

वाचकहो, आपल्या वस्तीतील एखाद्या हुशार मुलाची वा मुलीची फी आज कोणीतरी भरत असेल. भरणाऱ्याने हकीमसाहेबांना आठवावे. शिकणाऱ्याने अजमलिन हे नाव विसरू नये.