अंकुराची वाढ टिपणारे दादासाहेब फाळके

आमच्या भातकुलीच्या काळ्या रानात हरभरा पेरला, की थोड्याच दिवसांत तासांतून हिरवे कोंब डोकावू लागतात. ते आपण सर्वांनीच पाहिले आहेत. परंतु कोंब वर येत असता त्याची हालचाल कोणी पाहिली आहे काय? ती इतकी मंद असते की आपल्या डोळ्यांस कोंब स्थिरच भासतो. ही न दिसणारी गती छायाचित्रांच्या साह्याने दाखविणाऱ्या एका थोर कलावंताचे चरित्र आम्ही येथे सादर करीत आहोत.

धुंडिराज गोविंद उर्फ दादासाहेब फाळके यांचा जन्म 30 एप्रिल 1870 रोजी त्र्यंबकेश्वर येथे झाला. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत व नंतर बडोद्याच्या कलाभवनात त्यांनी शिक्षण घेतले. पुढे गोध्रा येथे त्यांनी छायाचित्रणाचा व्यवसाय मांडला. पण प्लेगने पत्नी व मूल हिरावून नेले आणि तो व्यवसाय मोडला. पुराणवस्तु खात्यातील नोकरी झाली, छापखानाही झाला. पण मन कोठेच स्थिरावले नाही.

1911 च्या सुमारास मुंबईत येशू ख्रिस्ताच्या चरित्रावरील मूकपट त्यांच्या पाहण्यात आला. आपल्या रामकृष्णांच्या कथाही अशाच पडद्यावर याव्यात, या विचाराने त्यांची झोप उडाली. त्यांनी रात्रंदिवस अभ्यास केला. त्या श्रमाने त्यांची दृष्टी काही काळ गेली. उपचारांनी व चष्म्यांनी ती परत लाभली. ज्या डोळ्यांवर सर्व भिस्त, तेच पणास लागले होते! तरीही विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून ते 1912 मध्ये लंडनला गेले आणि कॅमेरा खरेदी करून परतले.

आता भांडवल हवे होते. पण नुसत्या शब्दांवर पैसा कोण देणार? दादासाहेबांनी कुंडीत वाटाणे पेरले, समोर कॅमेरा रोवला आणि महिन्याहून अधिक काळ रोपाची चित्रे घेतली. इंग्लंडात पर्सी स्मिथ यांनी 1910 मध्ये फुलांचे उमलणे अशाच रीतीने दाखविले होते. मूकपटात सेकंदास सुमारे 16 चित्रे धरली, तर एका मिनिटास 960 लागतात. म्हणजे महिनाभर दररोज तीसाहून अधिक! कॅमेरा हलला की सारा खटाटोप व्यर्थ. अखेर मिनिटभराच्या त्या ‘अंकुराची वाढ’ या चित्रपटात दाणा फुटला, कोंब वर आला आणि पाहता पाहता त्याचा वेल झाला. तो पाहून धनिकांचा विश्वास बसला. पत्नी सरस्वतीबाईंनी आपले दागिने दिले, फिल्म धुण्याचे कामही शिकून घेतले. 3 मे 1913 रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहात झळकला. 16 फेब्रुवारी 1944 रोजी नाशिक येथे दादासाहेबांनी देह ठेवला.

विद्यार्थिमित्रहो, आज घरोघरी मोबाइलमध्ये कॅमेरा आहे. सृष्टीचे चित्र घेण्यास हिमालयच गाठावा लागतो असे नाही. कुंडीत हरभऱ्याचा एक दाणा पेरा. कॅमेऱ्याची जागा व अंतर ठरवा, आणि रोज त्याच वेळी, म्हणजे उजेड व सावली फारशी बदलणार नाही अशा बेताने, एक चित्र घ्या. एकही दिवस चुकवू नका. पालकांनीही मुलांना ही महिनाभराची सवड द्यावी, अशी आमची विनंती आहे. निसर्ग आपले गुपित उतावळ्यास सांगत नाही. जो रोज त्याच्या दारी उभा राहतो, त्यालाच तो ते दाखवितो.